माझ्याकडे तर चालतंय

"माझ्याकडे तर चालतंय." लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची एखादी अडचण इंटरनेटवर मांडा, पहिल्या दोन-तीन उत्तरांत हे वाक्य येणारच. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याने खरोखर स्वतःच्या मशीनवर ते करून बघितलेलं असतं, तिथे ते चाललेलं असतं, आणि ही आनंदाची बातमी आपल्यालाही कळवावी असं त्याला वाटलेलं असतं. मध्यरात्री वायफाय गेलेला लॅपटॉप पुढ्यात घेऊन मोबाइलवर उत्तरं शोधत बसलेल्या माणसाने या बातमीचं काय करायचं, एवढंच कळत नाही.

बरीच वर्षं मला हे वाक्य म्हणजे झटकून टाकायची सभ्य पद्धत वाटायची. आता वाटतं, लिनक्सबद्दल याच्याइतकं नेमकं कुणी काही बोललेलं नसेल. त्याच्याकडे चालतंय, माझ्याकडे चालत नाही, आणि दोन्ही खरं आहे. वैताग येतो तो यामुळेच. तो खोटं बोलत असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये, छंद म्हणून करतोय असं सांगत, जे जाहीर केलं ते लिनक्स म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर नुसतं कर्नेल, हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसलेला गाभा. टर्मिनलमध्ये आपण ज्या कमांड देतो त्यांतल्या बऱ्याचशा ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून आलेल्या. पडद्यावर खिडक्या दाखवायचं काम १९८७ पासून एक्स११ कडे होतं. २००८ मध्ये वेलँड सुरू झालं, आणि ते काम तिकडे हलवणं अजून चालूच आहे. आवाजाचं तर विचारूच नका. खाली अल्सा, त्याच्यावर बरीच वर्षं पल्सऑडिओ, आता त्याच्या जागी पाइपवायर. ही सगळी मंडळी गोळा करून, त्यांचं आपापसांत जुळवून आपल्या हाती देतात ते डेबियन, फेडोरा, उबुंटू यांसारखे डिस्ट्रो. आणि हा सगळा डोलारा ज्या हार्डवेअरवर उभा राहायचा ते बनवणाऱ्याने बहुतेक वेळा लिनक्स लावून बघितलेलंच नसतं.

त्यामुळे हेडफोनमधून आवाज येईनासा झाला की फेऱ्या सुरू होतात. डिस्ट्रोवाले म्हणतात, बग मूळ प्रकल्पातला आहे, तिकडे कळवा. तिकडचे म्हणतात, तुमच्या डिस्ट्रोने दिलेली आवृत्ती जुनी आहे, नवीवर होतंय का ते बघून या. कर्नेलवाले सांगतात, लॅपटॉपचा बायोसच, म्हणजे मशीन चालू होताना सर्वांत आधी जागं होणारं सॉफ्टवेअरच, चुकीची माहिती देतोय. लॅपटॉपवाले सांगतात, आम्ही फक्त विंडोजला सपोर्ट देतो. टोलवाटोलवी म्हणावी तर तपासून बघितल्यावर प्रत्येकाचं म्हणणं बरोबर निघतं.

मला सगळ्यांत जास्त छळलं ते एका दिसायला किरकोळ दुखण्याने. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा, पण सकाळी उघडला की बॅटरी उतरलेली. बॅगेत टाकून कुठे नेला तर बाहेर काढताना चांगलाच तापलेला. म्हणजे साहेब झोपेचं सोंग घेऊन आत काहीतरी करत होते.

यावर सगळीकडे एकच उतारा सापडतो. सिस्टिममध्ये "मेम_स्लीप" नावाची एक एवढीशी फाइल असते. ती उघडली की एकच ओळ दिसते: झोपेचे उपलब्ध प्रकार आणि त्यांतला जो निवडलेला आहे त्याच्याभोवती चौकोनी कंस. जुन्या मशीनवर "एस२आयडल" आणि "डीप" असे दोन पर्याय दिसतात. उतारा असा, की बूट होताना कर्नेलला "मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप" सांगायचं, म्हणजे कंस पहिल्यावरून उठून दुसऱ्याभोवती जातो आणि मशीन खऱ्या अर्थाने झोपतं. त्याखाली कृतज्ञतेचा पूर. "वाचवलंस मित्रा." "तीन महिने शोधत होतो." मीही ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत तो शब्द घातला, अपडेट केलं, मशीन पुन्हा सुरू केलं. कंस जागच्या जागी. आणि हलणार तरी कुठे? माझ्या ओळीत "डीप" हा पर्यायच नव्हता.

हे का, ते समजायला मला उत्तरं सोडून कर्नेलचे दस्तऐवज वाचावे लागले. जुनी झोप, जिला एस३ म्हणतात (त्या फाइलीतली "डीप" तीच), तिच्यात रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज जाते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर दुसरीच कल्पना आली: लॅपटॉपनेही मोबाइलसारखं झोपावं, अर्धवट जागं राहून, बोट लागताच तयार. पुढे बऱ्याच नव्या मॉडेलांच्या फर्मवेअरमधून, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून, एस३ काढूनच टाकण्यात आली. लिनक्समध्ये या नव्या झोपेची, म्हणजे "एस२आयडल"ची, सोय कर्नेल ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. पण तिची अट अशी, की मशीनमधल्या प्रत्येक भागाने गप्प बसलं पाहिजे. प्रोसेसर झोपायला तयार असतो, पण एखादं कार्ड, एखादी ड्राइव्ह, एखादा यूएसबीचा कंट्रोलर कूस बदलत राहिला तर त्यालाही खोल झोप लागत नाही. रात्रभर बॅटरी जळते ती त्या एकट्यापायी.

उतारा देणारे चुकलेले नव्हते. त्यांच्या मशीनमध्ये एस३ होती. धन्यवाद देणाऱ्यांच्या मशीनमध्येही होती. ज्यांच्याकडे नव्हती ते आले, करून बघितलं, हात हलवत गेले आणि काही लिहिलं नाही. चाललं नाही हे सांगायला सहसा कुणी थांबत नाही, त्यामुळे प्रत्येक उतारा असतो त्यापेक्षा जास्त रामबाण दिसतो.

मग एक महाभाग भेटला. मॉडेल माझंच, प्रोसेसर तोच, डिस्ट्रोही तोच. त्याने स्क्रीनशॉटसकट लिहिलेलं: रात्रभरात बॅटरी जेमतेम दोन-तीन टक्के खाली येते, झोपेची काहीही तक्रार नाही. त्याचं नाव-गाव माहीत नसताना मी काही दिवस त्याच्यावर राग धरून होते.

"लॉग बघ" हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो, आणि तो चांगलाच सल्ला आहे. लिनक्स काही लपवत नाही. जर्नल, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडलं की मशीनने सुरू होताना काय काय केलं, कशाशी अडखळलं, सगळं ओळीने मांडलेलं असतं. अडचण एवढीच, की ते नको तितकं बोलतं. एखादी ओळ तांबडी दिसते: बायोसमध्ये त्रुटी, अमुक वस्तू सापडली नाही. आपण दचकतो, ती ओळ उचलून सर्चमध्ये टाकतो. तीच ओळ लिहिणारे ढीगभर लोक सापडतात. एकाचा पडदा लुकलुकतोय, दुसऱ्याचा पंखा थांबत नाही, तिसऱ्याचा टचपॅड मेलाय. प्रत्येकाने आपल्या दुखण्याचं खापर त्या एकाच तांबड्या ओळीवर फोडलेलं. पाच-पन्नास पोस्ट वाचून झाल्यावर कुणीतरी जाणता सांगतो, ही ओळ निरुपद्रवी आहे, सगळं सुरळीत चालू असलेल्या दिवसांचा लॉग काढून बघा, त्यातही सापडेल. बघावं तर खरंच असते.

म्हणून मला विचाराल तर लॉग वाचायला मशीन धड असताना शिकावं. आजारी माणसाचे रिपोर्ट बघायचे तर त्याचे बऱ्या दिवसांतले रिपोर्ट हाताशी असावे लागतात. पण धड असताना कोण बघतं?

त्यात उत्तरांना वय असतं, आणि सर्चला ते कळत नाही. ज्या पानावर वर्षानुवर्षं लोक आले ते वर, मग ते कितीही जुनं असो. त्यात लिहिलेलं असतं, "आयएफकॉन्फिग" चालवून "डब्ल्यूलॅन०" बघा. आज बऱ्याच डिस्ट्रोंत ती कमांड मुळात टाकलेलीच नसते, तिची जागा "आयपी"ने घेतलीय. आणि वायफाय कार्डाला "डब्ल्यूलॅन०" हे सुटसुटीत नावही राहिलेलं नाही. २०१३ च्या सुमारास सिस्टिमडीने, म्हणजे कर्नेलनंतर बाकीचं सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, ते कार्ड कुठल्या स्लॉटवर बसलंय त्यावरून नावं द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ते "डब्ल्यूएलपी३एस०" असं काहीतरी असतं. डीएनएससाठी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्यासाठी, एका फाइलीत एक ओळ घाला म्हणतात. घातली तर पुढच्या बूटला ओळ गायब, कारण ती फाइल आता दुसराच प्रोग्राम लिहितो. फाइलीच्या डोक्यावर तसं लिहिलेलंही असतं, "हात लावू नका". नवखा माणूस या सगळ्यातून एकच निष्कर्ष काढतो: आपल्यालाच जमत नाही. उत्तर बारा वर्षांपूर्वीचं आहे हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण तारीख कोपऱ्यात, फिकट करड्या अक्षरांत असते.

काही जुन्या उत्तरांची तर नुसती हाडं उरलीत. "खालच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे", आणि खाली रिकामा चौकोन. २०१७ मध्ये फोटोबकेटने दुसऱ्या साइटवर फुकट चित्रं दाखवायची सोय बंद केली तेव्हा अशी कितीतरी पानं एका फटक्यात आंधळी झाली. "माझा पूर्ण लॉग इथे आहे" असं म्हणून दिलेली लिंक केव्हाच मुदत संपून गेलेली. पण या सगळ्याला मी माफ करते. माफी नाही ती एकालाच: आपली तंतोतंत अडचण मांडणारा, आपल्यासारखाच कातावलेला, आणि शेवटी "सुटला प्रश्न, धन्यवाद" एवढं लिहून कायमचा निघून गेलेला. अरे बाबा, कसा सुटला?

उर्मटपणाबद्दल बोलायलाच हवं. "मॅन्युअल वाच" हे त्याचं सोज्वळ रूप. मूळ इंग्रजी आद्याक्षरांत, "आरटीएफएम"मध्ये, एक शिवी आहे. लिनक्सचा पूर्वज म्हणावा अशा युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची, आणि त्या पानांची धाटणी आजही तीच आहे: ज्याला माहीत आहे त्याला आठवण करून द्यायला झकास, ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी भिंत. उदाहरणं असलीच तर अगदी तळाशी. वरच्या वर्तुळातही भाषा फार गोड होती असं नाही. खुद्द टोरवाल्ड्सने सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नेल प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली.

तरीही माझी सहानुभूती पूर्णपणे विचारणाऱ्याच्या बाजूला नाही. दुसरी बाजू बघा. "लिनक्स चालत नाही, अर्जंट" असा मथळा. आत पडद्याचा तिरका काढलेला फोटो, त्यात निम्मा एरर कापलेला. डिस्ट्रो कुठला, आवृत्ती कुठली, पत्ता नाही. उत्तर देणारा काही पगारी नसतो. हाच प्रश्न तो कितव्यांदा वाचतोय देव जाणे. मला विचाराल तर मुलामा दिलेल्या उत्तरांची जास्त चीड येते. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया मशीन रीस्टार्ट करून बघा" असली पाठ केलेली नम्रता पैसे देऊन मिळणाऱ्या सपोर्टमध्ये भरपूर चाखलीय. त्यापेक्षा "डोकं ठिकाणावर आहे का, आधी ही कमांड चालव" म्हणणारा परवडला, कमांड बरोबर असली म्हणजे झालं.

नेमका प्रश्न विचारा, सगळी संबंधित माहिती द्या, हा उपदेश बरोबरच आहे. पण कुठली माहिती संबंधित आहे हे ज्याला कळतं त्याचा अर्धा प्रश्न सुटलेलाच असतो. झोपेबद्दल विचारताना मी माझ्या ड्राइव्हचं नाव कशाला सांगेन? यावर एक जुनी खोडसाळ युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे: मदत मागू नका, "लिनक्सला हे जमूच शकत नाही, विंडोजमध्ये बघा कसं चुटकीसरशी होतं" असं ठोकून द्या. मग पायऱ्यापायऱ्यांनी, कमांडसकट, अंगावर धावून उत्तर येतं.

"डिस्ट्रो बदल" हा आणखी एक सल्ला. याला मी सल्ला मानत नाही. घर गळतंय म्हणून गाव सोडायला सांगण्यातला तो प्रकार आहे. कर्नेल तेच, ड्रायव्हर तेच, वॉलपेपर तेवढा नवा.

आणि रात्री उशिरा, हताश होऊन, कुणाचीही कमांड "सुडो" लावून, म्हणजे सगळे अधिकार देऊन, चिकटवण्याचा मोह. मुळापासून सगळं पुसून टाकणारी कमांड "ही चालव, मशीन फास्ट होईल" म्हणून नवख्याला सुचवायची, असली क्रूर थट्टा पूर्वी चालायची. आता ग्नूची पुसायची कमांड "आरएम" थेट मुळावर घाव घालायला आपणहून नकार देते, वेगळा पर्याय देऊन बजावावं लागतं. पण चांगल्या हेतूने दिलेल्या, दुसऱ्याच मशीनसाठीच्या कमांडपासून वाचवणारं असं काही नाही.

अलीकडे मदतीची जागाच हलत चाललीय. आयआरसी या जुन्या चॅटपद्धतीवरच्या फ्रीनोड या भल्यामोठ्या नेटवर्कमधून मे २०२१ मध्ये मालकीच्या वादावरून बहुतेक प्रकल्प उठून लिबेरा चॅटवर गेले, तो नुसता घरबदल होता. त्याहून मोठा बदल म्हणजे प्रश्नोत्तरं डिस्कॉर्डसारख्या बंद दाराआडच्या गप्पांत गेली. तिथे उत्तर लवकर मिळतं, माणसंही प्रेमळ असतात. पण ते उत्तर सर्चला दिसत नाही, दुसऱ्या दिवशी नव्या गप्पांखाली गाडलं जातं, आणि तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन दुसरा येतो. करडी तारीख आणि रिकामे चौकोन असलेली ती जुनी पानं मला आता श्रीमंत वाटायला लागलीत.

एआयला विचारायचीही सोय झाली. तो थकत नाही, शिव्या देत नाही, तिरका फोटोही चालवून घेतो. माझ्या झोपेच्या प्रश्नावर त्याने फार आत्मविश्वासाने एक कर्नेल पॅरामीटर सुचवला; नाव अगदी असायला हवं तसंच होतं, फक्त तसा पॅरामीटर कर्नेलमध्ये नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली ती याच कारणाने: उत्तरं चुकीची, पण दिसायला चोख. "माझ्याकडे तर चालतंय" म्हणणाऱ्याकडे निदान एक मशीन तरी असतं.

माझा गुंता पुढे सरकला तो कर्नेलच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे दोष नोंदवायच्या जागी, गेल्यावर. तिथल्या माणसाने ना धीर दिला, ना टोमणा मारला. त्याने एक फाइल वाचून आकडा कळवायला सांगितलं. मशीन खोल झोपेत नेमका किती वेळ होतं ते त्या फाइलीत मायक्रोसेकंदांत लिहिलेलं असतं. रात्रभर झाकण मिटलेल्या माझ्या लॅपटॉपचा आकडा होता ०. कसल्याही रोमांचाशिवाय, एका ओळीत, एक शून्य. त्यानंतर त्याने एक तपासणी स्क्रिप्ट चालवायला लावली. चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांनीच असल्या स्क्रिप्ट लिहून खुल्या ठेवल्यात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या लांबलचक अहवालात कूस बदलणारा सापडला: एसएसडी, म्हणजे सगळा डेटा जिच्यात असतो ती ड्राइव्ह.

आता त्या महाभागाचा उलगडा झाला. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळ्या पुरवठादारांच्या ड्राइव्ह बसवतात. ज्या खेपेला जी मिळेल ती. खोक्यावरचं नाव तेच. त्याच्या लॅपटॉपमध्ये दुसरी ड्राइव्ह होती, आणि ती सांगितल्यावर गपचूप झोपायची. मी त्याला विचारलं, त्याने पंधरा मिनिटांत नंबर पाठवला, वर एक हसरा चेहरा.

कर्नेलच्या आत अशा वल्लींच्या याद्याच असतात. त्यांना "क्वर्क" म्हणतात. झोपेच्या कोडमध्ये लॅपटॉपच्या मॉडेलांची यादी, एनव्हीएमई या प्रकारच्या एसएसडींच्या ड्रायव्हरमध्ये ड्राइव्हची: हिला सर्वांत खोल अवस्थेत पाठवू नका, हिच्याशी झोपताना साधेपणाने वागा. मी एका रविवारी त्या याद्या वाचत बसले होते. एकेका नोंदीमागे कुणीतरी कधीतरी वैतागून पाठवलेला लॉग असतो, मग त्यावरची प्रश्नोत्तरं आणि चार-दोन ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती. माझ्या ड्राइव्हची नोंद त्यात नव्हती. ट्रॅकरवरच्या माणसाने पॅच तयार करायची तयारी दाखवली, पण आधी ड्राइव्हचं फर्मवेअर अद्ययावत करून बघ म्हणाला; कारण दोष तिथेच दुरुस्त झाला असेल तर कर्नेलमध्ये कायमचा अपवाद कशाला घालायचा. मुद्दा बिनतोड होता.

ड्राइव्हवाल्यांच्या साइटवर नवं फर्मवेअर होतंही. बदलांच्या यादीत "कमी वीज अवस्थेतील सुधारणा" असं स्वच्छ लिहिलेलं. डाउनलोडचं बटण दाबलं. हाती आली ती एक ईएक्सई फाइल, आणि सोबत सूचना: फक्त विंडोजवर चालेल.